नवं तेल

त्याचं खरं नाव विचारलं तर बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. सगळा रस्ता त्याला गिअरखाऊ म्हणे. गिअरखाऊच्या गॅरेजशेजारी, गिअरखाऊच्या गल्लीत, गिअरखाऊची पोरगी वर्गात पहिली आली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला हे नाव म्हणजे न्हाव्याला कानकाप्या म्हणण्यासारखं. नवं गिऱ्हाईक नाव ऐकून दोन पावलं मागे सरकायचं आणि काउंटरवर बसलेल्या बायकोला त्याची समजूत घालावी लागायची.

हे नाव ठेवणाऱ्या माणसाला तो रोज मनातल्या मनात बदडून काढत असे.

लग्नाआधी तो एका मोठ्या वर्कशॉपात कामाला होता. तिथल्या फोरमनने घाईघाईत एका पांढऱ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये भलतंच तेल ओतलं आणि गिअरबॉक्सची वाट लावली. गाडीचा मालक आरडाओरडा करत आला, तेव्हा फोरमनने ह्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "ह्याने खाल्लाय. पोट बघा कसं सुटलंय." मालक हसला. सगळं वर्कशॉप हसलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, नाव मात्र सोबत घरी आलं. होणाऱ्या सासऱ्याच्या कानावर गेलं तेव्हा ठरलेलं लग्नसुद्धा मोडता मोडता वाचलं.

तेव्हापासून त्याचं एकच मागणं होतं. त्या माणसाने चार लोकांसमोर म्हणावं, चूक माझी होती. ते होणार नसेल, तर त्याचं वाटोळं व्हावं. दोन्ही झालं तर देवाचे उपकार.

आणि एका सकाळी फोरमन स्वतःच दारात उभा राहिला. निवृत्त झालेला, गळ्याची कातडी लोंबायला लागलेली, पण आवाज तोच. मागे एक जुनी पिकअप.

"अरे गिअरखाऊ, तू होय इथे! बरं झालं, आपलाच माणूस निघाला. हिचं बघ जरा. चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही. लोकांचं फर्निचर पोचवतो मी हिच्यावर. हीच माझी पेन्शन."

दुरुस्तीची वाट पाहत दोन ड्रायव्हर बाकावर बसले होते.  गिअरखाऊने पिकअप गल्लीच्या चढावर नेली. पहिल्या गिअरला गाडी नीट निघाली. दुसरा पडायच्या वेळी इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी जागच्या जागी रेंगाळली, मग धक्का देऊन निघाली. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून त्याने गिअरबॉक्सची तेलपट्टी बाहेर काढली. गरम गाडीत, चालू इंजिनावरच ती खरं सांगते. तेल पुरेसं होतं, पण लाल असायचं ते काळपट झालं होतं आणि त्याला जळका वास येत होता. त्याने थेंबभर तेल बोटांत चोळलं. बारीक कचकच लागली.

आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्या होत्या. त्यांचीच पूड तेलात उतरली होती, आणि आता त्या पुडीच्याच जोरावर चकत्या एकमेकींना कशाबशा धरून होत्या. असलं तेल काढून नवं घातलं की उरलीसुरली पकडही जाते. जुनंच तेल ठेवून, ओझं कमी करून, हळू चालवली असती तर पिकअप अजून बराच काळ चालली असती.

हे त्याला लख्ख दिसलं. फोरमनचा स्वभावही तितकाच लख्ख आठवला. हाताखालच्या माणसाने पूर्व म्हटलं की हा पश्चिमेला जाणार. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

"तेल बदलू नका," तो ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "का, ते सांगत बसत नाही. तुम्हाला नाही कळायचं."

फोरमनचे कान लाल झाले. "तेल बदलू नका? हे कुठे शिकलास?"

"तुमच्याकडे नाही शिकलो, एवढं नक्की."

एक ड्रायव्हर फिसकन हसला. तेवढं पुरलं.

"काळंकुट्ट तेल तसंच ठेवू होय? ओत नवं. माझ्यासमोर ओत."

"नंतर मला बोल लावायचा नाही."

"ओत म्हणतो ना!"

जुनं तेल काढून त्याने नवं ओतलं. लालभडक, स्वच्छ तेल बारीक धारेने आत जाताना त्याला इतका आनंद झाला की लग्नातही झाला नसेल. फोरमन ऐटीत निघून गेला.

बायको काउंटरवरून सगळं ऐकत होती. "तुम्ही बोललात ते खरंच," ती म्हणाली. "पण त्यांनी मानू नये अशा रीतीने बोललात."

"मग? त्याला मांडीवर घेऊन सांगायला हवं होतं?"

 त्या दिवशी तो दुप्पट जेवला.

आठवडाही गेला नाही आणि फोरमन पायी आला, घामाने निथळत. पिकअप चढाच्या पायथ्याशी बंद पडली होती. पुढचा एकही गिअर पकडत नव्हता. तिच्या पाठीवर तीन कपाटं होती, कुणाच्या तरी नव्या संसाराची. गॅरेजात गिऱ्हाइकं होती. गिअरखाऊने पाना खाली ठेवला आणि भांडणाच्या तयारीने हात पुसले.

फोरमन बाकावर बसला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "ह्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे, ह्याची नाही."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. गिअरखाऊला वाटलं होतं, हे ऐकलं की छाती भरून येईल. ती रिकामीच राहिली.

"आणि त्या पांढऱ्या गाडीची?" तो म्हणाला.

"कुठली पांढरी गाडी?"

त्याने सांगितलं. भलतं तेल, मालकाचा आरडाओरडा, खांद्यावरचा हात, सगळ्यांचं हसणं. फोरमन मन लावून ऐकत होता. आठवायचा प्रयत्न करत होता, हेही दिसत होतं.

"असेल बाबा," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा गाड्या किती यायच्या. तुला काढलं होतं का त्यावरून? मला वाटायचं, तूच सोडून गेलास. चांगला हात गेला म्हणून मी हळहळलो होतो." मग तो चढाकडे बघत म्हणाला, "ते जाऊ दे. आता हिचं काय करू, ते सांग. दुसरा गिअरबॉक्स बसवू की भंगारात घालू? तू म्हणशील तसं. मागच्या वेळी बघितलं ना मी, तू खोटं सांगत नाहीस."

बायकोने काउंटरवरून नवऱ्याकडे बघितलं. फोरमन उत्तराची वाट बघत होता.