‘लेट गो’चा तिसरा अर्थ

निवृत्तीनंतर मी वाघोलीतल्या एका कंपनीत आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवायला जात असे. समोर पंधरावीस जण, बहुतेक विदर्भातून आलेले. व्याकरण यायचं सगळ्यांना, तोंड उघडायची भीती.

एकदा ‘लेट गो’ घेतलं. हातातली दोरी सोडणं, झालंगेलं सोडून देणं, इथवर वाक्यं झाली. तिसरा अर्थ, नोकरीवरून काढणं, माझ्या वहीत होता. पण मुलं मजेत होती. उगाच कशाला, म्हणून मी तो गाळला.

पुढच्या आठवड्यात फाटकाशी माझी एक विद्यार्थिनी उभी दिसली. यवतमाळची, वर्गात सगळ्यात धीट. बहिणीच्या साखरपुड्याला जाऊन ती त्याच सकाळी परतली होती.

“मॅडम, कार्डच चालत नाही. रजा तर मंजूर होती मायी.”

“कोणी केली?”

“एचआरच्या सरांनी. ‘वुई आर लेटिंग यू गो’ म्हणाले. मले वाटलं, जा म्हणतात. मी थँक्यू म्हटलं.”

हा माझा गाळलेला तिसरा अर्थ होता. पत्र कंपनीच्या मेलवर गेलं असणार, आणि तो मेल तिच्यासाठी बंद झालेला. “थांब इथेच,” म्हणून मी वर गेले.

एचआरचे साहेब आणि दोघं-तिघं चहा घेत होते. मध्ये एक स्टीलचा डबा उघडा होता.

“या मॅडम, करंजी घ्या. खाली तुमची ती स्टुडंट आलीय ना, तिने गार्डबरोबर पाठवल्यात सगळ्यांसाठी.” मग हसत म्हणाले, “अहो, थँक्यू म्हणाली ती आम्हाला!”

“आपण मराठीच ना? मग मराठीत का नाही सांगितलंत?”

“मराठीत फार लागतं हो ते. इंग्रजीत कसं सॉफ्ट राहतं.”

त्यांच्या ओठाला सारण चिकटलं होतं. जिभेने ते टिपून त्यांनी दुसरी करंजी उचलली. डब्याला झाकण लावून मी तो उचलला.

खाली येऊन सांगितलं, “अगं, ‘लेटिंग यू गो’ म्हणजे तुला कामावरून काढलंय.”

तिने माझ्या हातातला डबा घेतला. “हा अर्थ तुम्हाला माहीत होता, मॅडम?”

“होता.”

“मंग सांगितला नाही आमाले.”

साहेबांची किळस वाटली होती, तशीच आता स्वतःचीही वाटली. तो तास मी घेतला नाही, नंतरचेही नाही.

चार महिन्यांनी तिला कात्रजला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम मिळालं. कळवायला फोन केला तिने. “इथं सगळे मराठीतच भांडतात, मॅडम,” म्हणाली. “बरं वाटतं.”