चुणीची दुपार

इस्त्रीवाल्याच्या मुलीने शिकत असताना हौसेने पग जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. पुढे नोकरी लागली, ती लांबच्या थंड गावी गेली आणि पिल्लू आईबापाच्या गळ्यात पडलं. हौस एकाची, निस्तरायचं दुसऱ्याने, हे काही जगात नवीन नाही. इस्त्रीवाल्याने त्या चपट्या नाकाकडे आणि कपाळभर पडलेल्या सुरकुत्यांकडे पाहिलं. "जन्मभर लोकांच्या चुण्या मोडल्या," तो म्हणाला, "आता ही एक कधीच न मोडणारी घरात आली." तेव्हापासून तिचं नाव चुणी.

बायकोचं आणि चुणीचं काही जमलं नाही. सोफ्यावर केस, उशीवर केस, एकदा तर दुधात केस! चुणीलाही बायकोशी देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता फक्त इस्त्रीवाला. त्याने चपलेत पाय घातला रे घातला की ही दारात हजर. मग तो तिला दुकानात न्यायला लागला. रोज सकाळी तो ओल्या मऊ फडक्याने तिच्या नाकावरची एकेक घडी उघडून पुसायचा आणि कोरड्याने टिपायचा. घडीत ओल राहिली की काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. चुणी डोळे मिटून लाड करून घ्यायची. ग्राहक म्हणायचे, "आमच्या कॉलरला एवढं जपता का हो?"

दुकान म्हणजे पत्र्याखालची एक अरुंद खोली. एक टेबल, एक इस्त्री, कपड्यांच्या गठ्ठ्यांची फळी, बस्स. बाहेरून आलेला माणूस कपडे ठेवून लगेच पायरी उतरायचा. इस्त्रीवाल्याला मात्र काही वाटायचं नाही. उष्णता त्याच्या पाचवीलाच पुजलेली. भर उन्हाळ्यात तो उकळता चहा प्यायचा आणि पंख्याने कपडे उडतात म्हणून पंखा बंद ठेवायचा.

त्या दिवशी एका लॉजच्या चादरी आल्या होत्या. दुपार चढत गेली. चुणी टेबलाखाली घोरत होती, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. 'लागली बाईला गाढ झोप,' असं मनात म्हणून त्याने कौतुकाने पुढची चादर घेतली. ती धाप होती, झोप नव्हती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मग घोरणं एकदम थांबलं.

तो वाकला. जीभ बाहेर, जांभळी पडलेली. हाक मारली तर कान हलेना. त्याने बादलीत लॉजची चादर बुचकळली, तिच्यात चुणीला घेतलं आणि इस्त्रीचं बटण तेवढं बंद करून पळत सुटला. दुकान सताड उघडं. पळताना तो मोठमोठ्याने बोलत होता, "चुणे, असं करू नकोस गं, असं करू नकोस."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चुणीला पंख्याखाली घेतलं, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली. बऱ्याच वेळाने चुणीने मान उचलून त्याचा अंगठा चाटला, तेव्हा तो भिंतीला टेकून मुलासारखा रडला.

"ओली चादर गुंडाळलीत म्हणून वाचली," बाई म्हणाल्या. "पण काका, हिला आपल्यासारखा घाम येत नाही. श्वासावाटेच उष्णता बाहेर टाकायची आणि नाक तर हे एवढंसं. दुकानात तुम्हाला उकडत नाही का?"

"नाही हो."

"तिथेच घोटाळा झाला. आता हिला भर उन्हाचं दुकान बंद. आणि हिला रडवायचंही नाही, धाप लागते."

आली का पंचाईत! घरी ठेवली तर ती दाराशी बसून त्याच्या नावाने गळा काढणार. इस्त्रीवाल्याने रात्रभर विचार केला आणि पाटीवर खडूने लिहिलं, 'दुपारी बंद'. ग्राहकांनी नाकं मुरडली. लॉजवाला चादरी घेऊन दुसरीकडे गेला. इस्त्रीवाला चुणीला घेऊन पहाटेच दुकानात जायचा, काम उरकून जेवायला घरी यायचा आणि उन्हं उतरली की मगच परत जायचा.

"मी लग्न झाल्यापासून सांगतेय, दुपारी घरी या," पहिल्या दिवशी बायको ताट वाढताना म्हणाली. "माझ्यासाठी नाही जमलं. हिला एकदा धाप लागली तर लगेच जमलं!"

तो हसला. खरंच होतं ते. दुपारच्या वेळी खिडकीतून वारा येतो, शेजारची म्हातारी गुणगुणते, बायकोला जेवताना बोलायला आवडतं, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दोघांच्या मध्ये थंडगार फरशीवर चुणी पोट टेकून पसरायची. तिचे उपकार कसे फेडायचे, असं त्याला रोज वाटायचं.

उन्हाळा सरता सरता एका दुपारी जेवताना मुलीचा फोन आला. "बाबा, मला मोठं घर मिळालंय. इथे गारवा आहे. चुणीला घेऊन जाऊ का? तिच्या जिवाला बरं."

इस्त्रीवाल्याने ताट बाजूला सरकवलं. मुलीचं काही चूक नव्हतं. कुत्री तिची, हवा तिथली चांगली, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? "बघ बाई... तिच्या जिवाला बरं असेल तर..." एवढंच तो पुटपुटला.

बायकोने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"खबरदार तिला नेलीस तर," ती म्हणाली. "तिच्या जिवाला इथे बरं आहे. आणि माझ्याही. तिला नेलीस की तुझे बाबा पुन्हा डबा घेऊन दिवसभर दुकानात बसतील." मग ती हळूच म्हणाली, "तुला भेटायचं असेल तर तूच ये. दुपारी ये, आम्ही तिघंही घरी असतो."

फोन ठेवून तिने डोळे पुसले, ताट पुढे ओढून त्यात आणखी वाढलं, आणि तो नको म्हणाला नाही.