स्वप्नालीनं आईचा आवाज उतरवून घेतला

माझी लेक स्वप्नाली म्हंजी हट्टाचं गाठोडं. कन्हेरीतनं रोज बारामतीला जाती, एका कापड दुकानाचे कॉम्प्युटर सांभाळती. बाकीची पोरं माऊस फिरवत्यात, ही काळा पडदा उघडून त्यात हुकूम टाइप करती. कॉम्प्युटर पण तिला घाबरतो, मग माझी काय कथा!

परवा दुपारी वाऱ्यागत घरी आली. "आप्पा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या एक जण टेप करून घेऊन गेला व्हता ना? त्या एका जुन्या सर्व्हरवर हायत. आन् आज पाचला तो कायमचा बंद व्हणार!"

माझी आई, सारजा, जाऊन लई वर्सं झाली. घरात फोटो हाय, पण आवाज कुठंच न्हाय. एकदा, फकस्त एकदा तरी तो ऐकायचा व्हता मला.

बाजेवरच लॅपटॉप मांडला, मोबाईलचं नेट जोडलं. आत गावोगावच्या बायांच्या फायलींचा नुसता पूर! समद्या उतरवायच्या म्हणलं तर रात झाली आसती. म्हणून तिनं हुकूम सोडला, सारजा नावाच्या जेवढ्या आसतील तेवढ्या एकदम दे. पडदा म्हणला, अशी फाईलच न्हाय.

मी भडकलो. "गिळल्या का काय मुडद्यांनी? माझ्या म्होरं टेप केल्यात!"

"आरडू नका हो आप्पा! त्या टेपवाल्याला आजीनं नाव काय सांगितलं आसंल?"

तवा माझी ट्यूब पेटली. परक्या बाप्याला तिच्या वक्ताच्या बाया सोताचं नाव सांगत नसत, आन् नवऱ्याचं तर मेलं तरी तोंडात येत नसे. "पोरी, माझं नाव टाक! समदं गाव तिला रामची आईच म्हणायचं!"

टाकलं. आन् हायत की ओ! पण दर फायलीला त्यो पडदा इचारतोय, ही घेऊ का? व्हय म्हणलं की पुढची, ही घेऊ का?

"आगं, हे काय लग्नाचं आवतण हाय व्हय, घरटी इचारत बसायला? पाच वाजत आलं!"

स्वप्नाली खदाखदा हसली. हुकूम थांबवला, एक शब्द टाइप करून त्याचं इचारणंच बंद केलं, आन् पुन्हा सोडला. मग काय इचारता! रामची आई, रामची आई, रामची आई, ओळीवर ओळ धडाधड खाली पळायला लागली. मी बाजेवर उड्याच मारत व्हतो. शेवटची उतरली आन् घटकाभरात लाईन तुटली.

तिनं पयली फाईल लावली. जातं घरघरलं. ओवी सुरू व्हायच्या आधीच आई कडाडली, "रामा! ती शेरडी दाण्याला लागली, हाकल की मुडद्या!"

आन् मी, पन्नाशीचा बाप्या, "व्हय आई" म्हणत उठून दाराकडं पळालो.