उन्हात बसणं

बोईसरच्या एका कारखान्यात मी माल पाठवण्याचं खातं सांभाळते, त्यामुळे सगळं लिहून ठेवायची सवय आहे. आईला माकुणसारजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा नाश्ता, इन्सुलिन, चालणं, जेवण असा तक्ता मीच करून दिला. तिथल्या सिस्टर तो काटेकोर पाळत. तरी कधीकधी जेवणाआधी आईची साखर एकदम उतरायची. दोनदा ती चक्कर येऊन पडली, तेव्हा व्यवस्थापक बाईंनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर आम्हाला जमणार नाही. पालघरला रुग्णालयासारखी सोय असलेल्या ठिकाणी हलवा."

आईला ते नको होतं. तिचा जन्म मच्छीमारांच्या वस्तीत गेला. इथे निदान खारा वारा होता आणि कुंपणापलीकडे मासळी वाळत होती.

मग डॉक्टरांनी तिच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर लावला. त्यातून दिवसभर साखर मोजली जाते आणि आकडे सिस्टरांच्या टॅबवर, माझ्या मोबाइलवर आणि पालघरला डॉक्टरांकडे जातात. आई म्हणाली, "आता मला बटण लावलं. दाबलं तर गाईन काय?"

"आजी, तुम्ही न दाबताच गाता," सिस्टर म्हणाल्या.

या सिस्टरांचं मला फार कौतुक वाटतं. टॅबवर आलेखाची रेघ खाली वळली की त्या लगेच आईला आत बोलावून साखरपाणी देत. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. साखर उतरलेल्या आणि न उतरलेल्या दिवसांच्या रेघा त्यांनी शेजारी-शेजारी लावून मला दाखवल्या. नाश्त्यापर्यंत दोन्ही सारख्या होत्या, नंतर एक कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती.

"या वेळात आजी काय करतात?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिला विचारलं, तर ती म्हणाली, "काय नाय. उनात बसते." माझ्या तक्त्यातही त्या वेळी 'विश्रांती' असंच लिहिलं होतं.

सिस्टरांचं समाधान झालं नाही. "पुढच्या वेळी रेघ वळली की मी स्वतः जाऊन बघते," त्या म्हणाल्या.

नंतर एकदा मी आईला भेटायला गेले असताना टॅब वाजला आणि आम्ही दोघी अंगणात धावलो. कुंपणापलीकडच्या बायकांनी टोपलीभर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आईला वाळवायला दिला होता. आई उकिडवी बसून तो ताडपत्रीवर पसरत होती, खराटा फिरवून उलटत होती, उठून दुसऱ्या टोकाला जात होती आणि पुन्हा बसत होती. पदर घामाने भिजला होता.

सिस्टरांनी आधी तिला साखरपाणी पाजलं, मग म्हणाल्या, "हे काम आहे, आजी."

"हे काम?" आईला खरंच हसू आलं. "काम डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायचं. हे बसणं हाय, बाय."

आमच्या घरी बायका याला बसणंच म्हणत आल्या. तसं मीही म्हणत आले होते.

मला वाटलं, आता जवळा बंद. पण सिस्टरांनी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून दोन्ही रेघा दाखवल्या आणि म्हणाल्या, "जवळा सोडायला सांगू नका. त्या दिवशी आजी हसतात." डॉक्टरांनी आलेख नीट पाहिला. जवळ्याच्या दिवशी सकाळचं इन्सुलिन कमी करायला आणि उन्हात जायच्या आधी काहीतरी खायला सांगितलं. आता त्या सकाळी आई इन्सुलिनच्या आधीच जाहीर करते, "आज जवळा हाय." सिस्टर ते टॅबवर नोंदवतात आणि हातात नाचणीची भाकरी ठेवतात.

तेव्हापासून रेघ हळूहळू उतरते, पडत नाही. व्यवस्थापक बाईंनी सगळे आलेख पाहिले आणि आईपाशी येऊन म्हणाल्या, "आजी, तुमची खोली दुसऱ्या कोणाला देत नाही."

"देशाल कशी?" आई म्हणाली. "माजा जवळा अजून वाळायचाय."