वाचलंस ना? मग करून दाखव

"दत्तामामा गेले," असा आईचा फोन आला तेव्हा मी परभणीत, ऑफिसात होते. त्याला आता महिना होईल. पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला लाज वाटते... त्यांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, जिंतूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क. त्यांच्या कपाटात फक्त आठवणींची पुस्तकं, तीही एखाद्या वेडानं झपाटलेल्यांची. कुणी आचारी, कुणी जादूगार, कुणी जन्मभर पतंग करणारा. "मोठ्या माणसाचं चरित्र नगं मला. ज्याला एकच वेड हाय, त्यानं सांगावं," म्हणायचे. मागेल त्याला पुस्तक मिळे, पण त्यातलं काहीतरी करून दाखवल्याशिवाय दुसरं मिळत नसे.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी अडखळत वाचायचे आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की मागच्या मागे सरकायचे. मला पहिलं मिळालं ते लग्नघरी रांधणाऱ्या आचाऱ्याचं. काय पुस्तक होतं! भूक आणि हसू एकदमच यायचं. मी त्यातली येसराची आमटी केली, पण प्रमाण अख्ख्या पंगतीचं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. भाजून दळलेलं ते सगळं मसालेदार पीठ एका पातेल्यात गेलं आणि पळी उभी राहिली! मामांनी सुरीनं तुकडा कापून तोंडात टाकला.

"आमटी म्हणून वडी खाऊ घातलीस की गं! पण चव... लय भारी. घे दुसरं."

दुसरं होतं आठवडी बाजारात खेळ करणाऱ्या जादूगाराचं. दोन दिवसांत संपवलं आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. दार लावून घेऊन कापलेली दोरी अखंड करायला शिकले. पण मामांची अट होती, जादू दहा माणसांपुढे करायची. आठ महिने मी "वाचतेय" म्हणत राहिले. शेवटचं भेटले तेव्हा ते अंथरुणावर होते.

"कुठवर आली गं जादू?"

"थोडं राहिलंय, मामा."

"लय जाड पुस्तक दिलं वाटतं मी," ते म्हणाले आणि डोळे मिचकावले. पुस्तक जेमतेम शंभर पानांचं...

तेराव्याला जिंतूरला गेले. जेवणं उरकल्यावर मामींच्या हातात गुपचूप पुस्तक ठेवायला गेले, तर त्यांनी हातच मागे घेतला.

"आसं कसं? करून दाखव की."

"मामी, आज?"

"मग कवा? ते आस्ते तर सोडलं आस्तं का तुला?"

सगळे पाहुणे वळून बघायला लागले. मामींनी आतून दोऱ्या आणि कात्री आणून दिली. मी दोरी कापली, मुठीत धरली, ओढली... आणि लपवलेला तुकडा टप्पकन फरशीवर पडला.

"पडला, पडला!" एक मावशी ओरडली. घरभर हसू फुटलं, मामीही हसल्या. मग सवयीनं सगळ्यांचे डोळे खिडकीजवळच्या मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेले, आता मामा काय म्हणतात म्हणून.

"त्यांचाबी पहिल्यांदा असाच पडला होता," मामी म्हणाल्या. "कर परत."

मी दुसरी दोरी घेतली. "मागच्यांना दिसत नाहीये," मी चांगलं मोठ्यानं म्हणाले, "जरा पुढे सरका."