काकूंचं उगाच बोलणं

काकूंना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरीही इंग्रजी खेळातला खोटारडा माणूस त्या माझ्या आधी ओळखायच्या. टॅबच्या पडद्यावर कुणी नवं आलं की त्या पदरानं चष्मा पुसून घ्यायच्या, त्याच्याकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "हा न्हाई बाई बरा. बोलताना सारखा टोपीला हात लावायलाय." मी हसायचे. तासाभरानं टोपीवाला खोटं बोलल्याचं निघायचं, तेव्हा काकू शांतपणे शेंगा सोलत बसलेल्या असायच्या.

लातूरला ज्या घरात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे काकू. वय पासष्टच्या पुढं, कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांचं भुसार मालाचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकानाचं सामान पुतण्यानं चाकूरला नेलं आणि घरात काकू एकट्या उरल्या. मूलबाळ नव्हतं. मग खाली काकू आणि वर मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी, अशी व्यवस्था सुरू झाली. मी अशी चौथी मुलगी होते.

मी किनवटकडची. वडील रेल्वेत गँगमन, माझं शिक्षण वसतिगृहात. लातूरला खोली शोधताना तीन घरांनी आडनाव विचारलं आणि तिन्ही खोल्या नेमक्या आदल्या दिवशीच भरल्या होत्या. काकूंनीही आडनाव विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जिना जपून चढ. तिसरी पायरी हलतीय." त्या दिवसापासून माझं नाव किनवटवाली पडलं. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही आणि मलाही ते कधी खटकलं नाही.

पहिल्या वर्षी माझे मार्क कमी पडले. वडिलांनी "अजून एक वर्ष बघू" म्हटलं, पण त्यांच्या आवाजातला थकवा मला कळला होता. मी दोन दिवस खोलीबाहेर आले नाही. अभ्यासही करत नव्हते. क्लाससाठी घेतलेल्या टॅबवर एका मैत्रिणीनं टाकून दिलेला खेळ घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी काकू चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली घेऊन वर आल्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही सायकलवरली पोरगी कोण?"

मी सांगितलं. डोंगरातलं एक गाव. तिथल्या मनोऱ्यावरची मोठी घंटा एका सकाळी गायब झालेली. सायकलवरची पोरगी गावची टपालवाली. ती घरोघरी पत्रं देता देता घंटेचा माग काढते. पण गावातले लोक असे तऱ्हेवाईक, की आधी कोडं घालतात आणि ते सुटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. असे सहा भाग.

"मंजे आमच्या रेणापूरवानीच," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर रेणापूरचं. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "खा, आणि सांग पुढं."

मग दर रविवारी क्लासची परीक्षा झाली की दुपारी दोन ते चार आमचा खेळ, हा नेमच झाला. बाकीचा आठवडा टॅबवर फक्त अभ्यास; ही अट काकूंचीच. चार वाजले की कोडं अर्धं असलं तरी त्या उठायच्या. खेळातल्या सगळ्यांना त्यांनी माहेरची माणसं नेमून दिली होती. पाव भाजणारी जाड बाई म्हणजे त्यांची चुलत भावजय, घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा म्हणजे गल्लीतला शिंपी. त्यांच्या भानगडी मला इतक्या पाठ झाल्या, की कधी रेणापूरला गेले असते तर कुणाशी जपून बोलायचं हे मला माहीत होतं.

कोड्यांत त्यांची आवडनिवड होती. काड्या हलवून चौकोन करायच्या कोड्यांना त्या "रिकामटेकड्यांची कामं" म्हणायच्या आणि भाजी निवडायला घ्यायच्या. पण मापाचं कोडं आलं की ते त्यांचं. एकदा एका गवळ्यानं विचारलं: आठ शेरांचं भांडं भरलेलं आहे, पाचाचं आणि तिनाचं रिकामं आहे, तर दूध निम्मं-निम्मं वाटून दाखव. मी वहीत गणित मांडलं. काकू खाली गेल्या, तीन भांडी घेऊन आल्या आणि गच्चीत पाणी ओतू लागल्या. यातलं त्यात, त्यातलं यात, एक थेंब न सांडता. माझं गणित व्हायच्या आत त्यांचं वाटप झालं होतं. "ज्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं," त्या म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात हेच केलंय. लातूरच्या बाईला पाणी मोजाया शिकवायलाय हा!" आणि ते पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मला सगळं वाचून मराठीत सांगावं लागे. पडद्यावरची माणसं कामाचं एक वाक्य बोलायची आणि बिनकामाची दहा. मला परीक्षेची घाई, त्यात माझं इंग्रजीही जेमतेम. मी वाक्यं गाळायची. काकू पडद्यावरच्या ओठांकडे बघत असायच्या. "इत्तं लांब बोलली की ती. तू एवढंच सांगितलीस."

"काही नाही काकू, उगाच बोलतेय."

"मग ते उगाचचंच सांग. कामाचं तर समदेच सांगतेत."

चौथ्या भागात खेळानं आम्हाला विचारलं, घंटा नाहीशी झाली त्या सकाळी मनोऱ्यावर कोण गेलं होतं? मी शाळामास्तरांचं नाव दिलं. चुकलं. घड्याळवाल्याचं दिलं. तेही चुकलं. काकू म्हणाल्या, "मागं जा. माझ्या भावजयीपाशी जा. तिचं तू लई गाळलीस." मी चिडून मागं गेले आणि पाववाल्या बाईचं सगळं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. पिठाचा भाव, मांजराची खोड, हवा, आणि मध्येच, चढ-उतर करून गुडघे गेलेत माझे.

काकूंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "चढ-उतर? जिना कुठाय तिच्या घरात?"

नव्हताच. साऱ्या गावात जिना एकच होता, मनोऱ्याचा. मी नाव दिलं आणि पडद्यावर फुलं उधळली गेली. काकूंना फुलांचं काही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस दुखणं कधी सरळ सांगत न्हाई बघ. भाजीच्या भावात घालून सांगतंय. डाक्टरीण व्हणार न्हवं तू? ध्यानात ठेव."

मी ठेवलं नाही. हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

दुसऱ्या वर्षी मी पास झाले. पाचवा भाग आम्ही निकालाच्या आधीच्या रविवारी संपवला. सहावा राहिला, कारण नांदेडच्या कॉलेजात प्रवेशाची धावपळ सुरू झाली. निघताना काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली, कपाळाला विभूती लावली, मग जरा घाबरून विचारलं, "तुमच्यात चालतंय न्हवं?" मी म्हटलं, तुमच्या हातची चालते. त्यांनी बॅगेतल्या टॅबकडे बोट दाखवलं. "सहावा भाग माझ्याबिगर उघडू नको."

नांदेड ते लातूर बसनं तीन-साडेतीन तास. साडेपाच वर्षांत मी दोनदा गेले. पहिल्या वेळी टॅब होस्टेलवर विसरले. दुसऱ्या वेळी दोन बसच्या मध्ये तासभर होते. काकूंनी तो तास भाकरी थापण्यात घालवला आणि मी फोन बघण्यात. अभ्यास होता, ड्युट्या होत्या, ते खरंच आहे. पण मी दोनदाच गेले.

मध्यंतरी पुतण्यानं काकूंना नवा फोन घेऊन दिला. लिहिता येत नसलं तरी बटण धरून बोलता येतं, हे कळल्यावर त्या दर रविवारी दुपारी दोन वाजता मला आवाज पाठवू लागल्या. चार-चार, पाच-पाच मिनिटांचे मेसेज. नवी भाडेकरीण डाळ सांडते. शेजारच्यांनी बोअर घेतली, पाणी लागलं नाही. चाकूरच्या पुतण्याला दुसरी मुलगी झाली, गोरीपान आहे. मी तेव्हा इंटर्न होते. होस्टेलपासून वॉर्डापर्यंतच्या वाटेवर मी ते मेसेज ऐकायची, आणि वाट छोटी म्हणून दुप्पट वेगानं ऐकायची. तशी सोय फोनमध्ये असते. काकूंचा आवाज चिमणीसारखा व्हायचा आणि मला त्याचं हसू यायचं. ऐकून झालं की मी अंगठ्याचं चित्र पाठवायची आणि वॉर्डात जाऊन रांगेतल्या म्हाताऱ्यांना विचारायची: जिना चढताना दम लागतो का? पायांवर सूज येते का? रात्री किती उशा घेता?

फाल्गुनात पुतण्याचा फोन आला. काकू गेल्या होत्या. छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. त्यांच्यात बसवून पुरतात. वेळेत पोचले असते तर शेवटचं दर्शन तेवढं तरी मिळालं असतं, तेही नाही. घरात जिन्याच्या पहिल्या पायरीशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. पुतण्या म्हणाला, "दोन महिने झाले, काकू इथंच झोपायच्या. आडवं झालं की जीव घाबरतोय म्हणायच्या. आम्हाला वाटलं, वयाचं हाय." आणि मग माझ्याकडे बघून, काही मनात न ठेवता म्हणाला, "तुमाला बोलल्या असतील की. दर आयतवारी तुमच्याशीच बोलायच्या."

परतीच्या बसमध्ये मी ते मेसेज पुन्हा लावले. या वेळी साध्या वेगानं.

पौषातला मेसेज. वांगी महाग झालीत, आणि "चपला लई आवळायल्यात बघ, नव्या घ्याव्या लागतेत." त्यानंतरच्या रविवारचा. भाडेकरीण गावी गेलीय, तिची खोली झाडायला वर गेले, "तर जिन्यात दोनदा बसावं लागलं." पुढचा. मांजर व्यालंय, आणि रात्री गार वारं सुटतंय, "खुर्चीतच झोप लागतीय आताशा." चपला, जिना, खुर्ची. मेडिकलच्या कुठल्याही पोरीनं हे तीन धागे जोडून दाखवले असते.

पण शब्दांपेक्षा वाईट होतं ते शब्दांच्या मधलं. साध्या वेगात काकू तीन शब्द बोलत आणि थांबत. श्वास घेत. पुढं दोन बोलत, पुन्हा थांबत. महिन्या-महिन्यानं ते थांबणं वाढत गेलेलं स्पष्ट ऐकू येत होतं. दुप्पट वेगात ती जागा मिटून जाते आणि माणूस धडधाकट वाटतं. त्यांना दम लागत होता, आणि मी तो ऐकण्याचा वेळ वाचवला होता. अहमदपूर मागं गेलं तेव्हा मी तोंडावर ओढणी घेतली. शेजारच्या बाईनं उठून खिडकीची जागा मला दिली.

आता मी डॉक्टर आहे. बाहेर रांग असते. परवा एक आजी तपासायला आल्या आणि शेळीबद्दल बोलत बसल्या. शेळी कशी पळाली, तिच्यामागं कसं बांधापर्यंत जावं लागलं. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. मी आजींना म्हटलं, बांधापर्यंत जाताना मध्ये कुठं बसलात का? त्या चकित झाल्या. "तुमाला कसं कळलं?" लोक म्हणतात, मॅडम निवांत ऐकून घेतात, लई मायाळू आहेत. असं कुणी म्हटलं की मला लाज वाटते.

टॅब अजून माझ्याकडे आहे, चालतो. सहावा भाग मी उघडलेला नाही. काकूंचं उत्तर माहीत असतं तर कदाचित तेच देण्यापुरता उघडला असता. पण तेही माझ्याकडे नाही. त्यांच्या शेवटच्या मेसेजमध्ये ते जवळजवळ येऊन थांबलंय. तो मेसेज मी इथं आहे तसा लिहिते, थांबण्याच्या जागांसकट.

"किनवटवाले… जेवलीस का… इथं ऊन वाढायलंय… मी काय म्हणते… त्या घंटेचं… मला कळलंय बघ… कुणी नेली ते. खुर्चीत बसून… तोच इचार करायले… पण आता सांगत न्हाई. तू आल्यावर… सांगते. ये सवडीनं… घाई न्हाई. बरं, ठेवते… काय न्हाई… उगाच बोलले."

त्याखाली मी पाठवलेला अंगठा आहे.