दादाचा पॅच आणि शुक्रवारची भांडणं

या डेटाबेसचा मालक कोण?

हे मी दादाला विचारलं, मिलिंदरावांना विचारलं, सईताईला विचारलं. कतारमध्ये टँकरला मालक असतो, टँकरच्या ड्रायव्हरलाही असतो. आणि जगभरातली माणसं मिळून एक वस्तू बनवतात, ती कुणीही फुकट वापरतो, तिला मालकच नाही? तिघं हसायचे आणि परत स्क्रीनकडे वळायचे.

मी आठवी नापास. पाण्याचा टँकर चालवतो, राहतो बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पवर. शुक्रवारी सुट्टी, म्हणून दोह्यात अल अझीझियाला माझ्या थोरल्या भावाच्या, सुहासदादाच्या फ्लॅटवर जायचो. मिलिंदराव त्याचे रूममेट, नागपूरचे. सईताई खालच्या मजल्यावरची. तिघंही कॉम्प्युटरवाले. जेवणाआधी ते या डेटाबेसवरून भांडायचे, मी ऐकायचो. असे किस्से साचत जातात. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतो, आणि दादा गेला हे सांगायचंच राहतं. म्हणून ते आधी सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडावर, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. गावी नेताना विमानात मी वर होतो, तो खाली.

*

दादाला त्या डेटाबेसमध्ये एक नवीन सोय घालायची होती. एकाने एखादी नोंद धरून ठेवली की बाकीच्यांना थांबावं लागतं. का थांबलोय, कुणामुळे थांबलोय, हे थांबलेल्याला कळत नाही. दादाचं म्हणणं, त्याला ते आपोआप कळलं पाहिजे. त्यासाठी त्याने जो कोड लिहिला, त्याला हे लोक पॅच म्हणतात. तो मेलवर सगळ्या जगाला दाखवायचा, मग सगळं जग त्यात चुका काढणार!

पहिलं उत्तर कॅनडाच्या एका म्हाताऱ्याचं आलं. 'याची गरज दिसत नाही.' एवढंच.

माझं डोकं फिरलं. "दादा, पत्ता दे त्याचा!"

दादा खूश होऊन खुर्चीतून उठला होता. "अरे येड्या, त्याने वाचलं! बाकीच्यांनी उघडलं पण नाही!"

*

मग त्या सोयीचं नाव काय ठेवायचं, यावर वाद. पूर्ण हिवाळा गेला त्यात. एक म्हणे हे नाव लांब आहे, दुसरा म्हणे या नावाने लोक गोंधळतील.

मला राहवेना. म्हटलं, "आमच्या भाचीचं नाव आत्याने पाळण्यापाशी एका दमात ठेवलं!"

मिलिंदराव मान वर न करता म्हणाले, "म्हणूनच तिला घरात सगळे छकुली म्हणतात."

*

मध्येच वीज गेली तर डेटा टिकतो का, हे तपासायचं होतं. तपासायची रीत सोपी. काम चालू असताना वीज तोडायची. मिलिंदरावांनी प्लगबिग शोधलाच नाही, फ्लॅटचा मेन स्विचच खाली ओढला. तेवढ्यात कुणीतरी जेवायला बाहेर जाऊ म्हणालं. ऑगस्टचा महिना. परत आलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

वीज चालू केली. दादा स्क्रीनसमोर, मिलिंदराव आणि मी मागे.

"एकही नोंद हरवली नाही!" दादा ओरडला.

फ्रिजपाशी सईताई नाक धरून उभी. "सुरमई मात्र हरवली."

*

तो कॅनडावाला एकदा दोह्यातून जात होता. विमान बदलायला आठ-नऊ तास होते. दादाने हट्टाने त्याला उतरवून घेतलं. मी गाडी चालवायला. म्हटलं, उम्म सलाल मोहम्मदचे बुरूज दाखवू, पाहुणा आहे.

बुरुजापाशी गाडी लावली. मागच्या सीटवर दोघांचं 'नो नो' आणि 'बट बट' चाललेलं. एसी चालू, काचा बंद. बुरूज मी एकट्याने पाहिला. परत येऊन बसलो तरी यांचं 'नो नो' संपलं नव्हतं.

एअरपोर्टवर म्हाताऱ्याने दादाला मिठी मारली, मलाही मारली. घरी पोचेपर्यंत सगळ्या जगाला त्याचा मेल गेलेला. सईताईने मराठीत वाचून दाखवला. 'लेखकाला भेटलो. माणूस फार छान आहे. माझा विरोध कायम आहे.'

*

आता शेवटचा.

दादा गेल्यावर पॅच तसाच राहिला. डेटाबेस पुढे सरकत राहतो, त्यामुळे जुना पॅच त्यात बसेनासा होतो. सईताई आणि मिलिंदरावांनी तो पुन्हा बसवला. महिने गेले त्यात. पण यांच्यात एक रीत आहे. पॅचच्या मागे जिवंत माणूस उभा लागतो. प्रश्न आले तर उत्तर कोण देणार, हे मेलमध्ये लिहावं लागतं. नाहीतर पॅच बाजूला पडतो. आणि या वर्षीचे नवे पॅच घेणं एका शनिवारी बंद होणार होतं.

सईताईने मेल लिहून ठेवला होता. 'सुहासच्या जागी यापुढे मी उत्तरं देईन.' शुक्रवारी मी गेलो की ती तो उघडायची, वाचायची, बंद करायची.

"पाठव ना ताई."

"पाठवते रे. एकदा नीट बघते."

मिलिंदराव त्यात एक स्वल्पविराम घालायचे. पुढच्या शुक्रवारी तोच काढायचे. "भाषा अजून बसत नाहीये," म्हणायचे. ते वाक्य दोघांनाही मोठ्याने वाचता येत नव्हतं.

त्या शनिवारच्या आदल्या, शेवटच्या शुक्रवारीही तेच. मेल उघडा ठेवून सईताई वरण बघायला आत गेली. मिलिंदराव बाल्कनीत फोनवर कुणाशी तरी हवापाण्याचं बोलत होते. मी खुर्चीत बसलो. दादाच्याच. इंग्रजी मला जेमतेम, पण 'सेंड' एवढं वाचता येतं.

दाबलं.

मग हाक मारली, "यल्ला, चला, वाढा आता! भूक लागली!"